गेलेली रोपं आणि 'बाहेरचा माणूस'

गेल्या वर्षी मार्च महिन्यात एका रात्रीत आमच्या वस्तीच्या रस्त्याकडेच्या बागेतून बारा कुंड्या गेल्या. बाग हा शब्द भिवंडीत जरा जपूनच वापरावा लागतो. एका बाजूला यंत्रमागाचे गाळे, दुसऱ्या बाजूला गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरांचा रस्ता, आणि या दोहोंमध्ये चारेक फूट रुंद, साठ-सत्तर पावलं लांब अशी एक पट्टी. पूर्वी तिथे चिंध्या, मोडक्या बॉबिनी आणि चहाचे कागदी पेले पडत. एका निवृत्त मास्तरांनी पुढाकार घेतला, समोरच्या चाळीतल्या काकूंनी सदाफुली आणि तुळस दिली, आमच्या गल्लीतल्या खालांनी मोगरा दिला. कुंपण केलं भंगारात निघालेल्या मागाच्या लोखंडी पट्ट्यांचं. कुंड्या म्हणजे तेलाचे डबे, रंगाचे डबे, आणि थोड्या विकत आणलेल्या मातीच्या. माझ्या मुलीने प्रत्येकीवर निळ्या रंगाचा एक पट्टा ओढला होता. पाणी घालायच्या पाळ्या लावल्या होत्या आणि भिवंडीत पाण्याची पाळी लावणं म्हणजे काय, हे भिवंडीकरालाच ठाऊक.

सकाळी मास्तर पाणी घालायला गेले, तर जागोजाग ओल्या मातीचे गोल उरलेले. कोरफड, जास्वंद, मोगरा, काकूंची तुळस, सगळं गेलं. जमिनीत लावलेला एक कण्हेरसुद्धा मुळासकट उपटून नेला होता. दुपारपर्यंत वस्तीत एकच वाक्य फिरत होतं : "बाहेरच्यांचं काम आहे."

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. बारा कुंड्यांची किंमत ती काय? पण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि त्याच्या मागून काय काय येऊ शकतं ते पाहिलेलं आहे. त्याविषयी पुढे बोलेन. आधी झाडं नेणाऱ्यांविषयी बोलू, कारण ही जात फार जुनी आहे आणि तिच्यात आपण सगळे थोडेथोडे आहोत.

माझ्यापासूनच सुरुवात करतो. माझी आई कुठे लग्नाला गेली की येताना तिच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक तरी फांदी असायची. विचारून आणलीस का, असं विचारलं की म्हणायची, "फांदी मागितली तर लागत नाही." मनी प्लँट चोरून आणलेलाच वाढतो, ही समजूत तर आपल्याकडे हिंदूंच्या घरात आहे, मुसलमानांच्या घरात आहे, आणि बहुधा फ्लॅटमधल्या नास्तिकांच्या घरातही आहे. पहाटे दुसऱ्याच्या कुंपणावरून हात घालून देवासाठी फुलं तोडणारे आजोबा कोणत्या गावात नाहीत? मी स्वतः कॉलेजात असताना एका सरकारी बंगल्याच्या आवारातून गुलाबाची काडी आणली होती. लागली नाही, हा भाग वेगळा.

आणि बागेतल्या चोरीची पहिली मोठी कथा तर आपल्या पुराणातच आहे. इंद्राच्या नंदनवनातला पारिजात श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी आणला. इंद्राशी झगडा करून आणला. मराठी माणसाला या कथेत चोरीपेक्षा पुढचा भाग अधिक आवडतो : झाड सत्यभामेच्या अंगणात आणि फुलं रुक्मिणीच्या अंगणात. झाडाला मालकाची हद्द कळत नाही, ही त्यातली खरी गंमत. नगर भूमापनवाल्यांचं काम तिथे संपतं.

पण पुराणातून इतिहासात येऊ. युरोपात कॅरोलस क्लुसियस नावाचा एक मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेला. व्हिएन्नाच्या दरबारी बागेत असताना तुर्कस्तानातून आलेल्या ट्यूलिपचे कंद त्याच्या हाती आले. हा ट्यूलिप म्हणजे आमच्या फारसी-उर्दू शायरीतला 'लाला'. १५९३ साली क्लुसियस हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाच्या बागेवर नेमला गेला, सोबत कंदही गेले, आणि १५९४ च्या वसंतात तिथे ट्यूलिप फुलला. लोक वेडे झाले. विकत द्या म्हणू लागले. म्हातारा काही केल्या देईना, दिले तर भलतीच किंमत सांगे. मित्रांना मात्र तो फुकट वाटायचा. मग व्हायचं तेच झालं. रात्री लोक बागेत शिरले आणि कंद उपटून घेऊन गेले. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. म्हाताऱ्याचा जीव विटला. त्या काळच्या एका नोंदीत मात्र असं आहे की, याच चोऱ्यांमुळे ट्यूलिप सगळ्या हॉलंडभर पसरला. पुढे चाळीसेक वर्षांनी त्या देशात एकेका कंदाची किंमत घराएवढी झाली आणि १६३७ च्या फेब्रुवारीत तो सगळा बाजार कोसळला. पण फूल राहिलं. आज हॉलंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ट्यूलिपच येतो, आणि त्याच्या मुळाशी एका सार्वजनिक संस्थेच्या बागेतली चोरी आहे.

मला या गोष्टीत क्लुसियसची बाजू नेहमी टोचते. लोक म्हणतात, चोरी झाली म्हणून तर फूल पसरलं. खरं आहे. पण ज्याने थंडीवाऱ्यात कंद जपले, त्याच्या सकाळचं काय? उकरलेल्या वाफ्यापुढे उभा राहिलेला तो म्हातारा आणि आमचे मास्तर यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

आपल्या देशातलं याच जातीचं उदाहरण बाबा बुदन यांचं. हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया त्यांनी लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. अरबस्तानातून उगवू शकणारी कॉफीची बी बाहेर जाऊ द्यायची नाही, असा तिथल्या व्यापाऱ्यांचा कटाक्ष होता. त्या डोंगराला आज बाबा बुदनगिरी म्हणतात. सात बिया नेल्याने मोखाच्या कोणत्या बागेत खड्डा पडला नसेल. पण १८७६ मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७० हजार बिया लंडनजवळच्या क्यू बागेत नेल्या, तेव्हा गोष्ट निराळी होती. त्यातल्या तीन हजारांपेक्षाही कमी बिया उगवल्या. ती रोपं श्रीलंकेत, मलायात गेली आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत ब्राझीलचा रबराचा धंदा बसला. ब्राझीलमध्ये विकहॅमला चोर म्हणतात. इंग्लंडने त्याला १९२० मध्ये 'सर' केलं. बिया नेण्याला ब्राझीलमध्ये त्या वेळी कायद्याची बंदी नव्हती, असंही काही अभ्यासक दाखवून देतात. म्हणजे कागदावर चोरी नाहीच.

आणि आपण ज्यांना अगदी आपली म्हणतो ती झाडं? दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळ मेक्सिकोकडचा. देवळाच्या आवारात आणि आमच्या कब्रस्तानात, दोन्हीकडे फुलं ढाळत उभा असतो तो पांढरा चाफा मध्य अमेरिकेतला. काजू ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी आणलेला. रस्त्याच्या दुभाजकावरची बोगनवेलही तिकडचीच, आणि गुलमोहर मादागास्करचा. कुणीतरी कुणाच्या तरी अंगणातून फांदी मोडली, बी खिशात टाकली, म्हणून हे सगळं आपल्या दारात आलं. झाडांच्या बाबतीत 'बाहेरचा' कोण हे ठरवायला बसलो, तर दसऱ्याला आपट्याची पानं तेवढी उरतील.

हा झाला नेणाऱ्यांचा इतिहास. लावणाऱ्यांच्या बाजूने कुणी बोललं आहे का? बोललं आहे, आणि ते मराठीत बोललं आहे. मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं, तेव्हा रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' वाचलं. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा ग्रंथ, पण त्यातली दृष्टी शिवकाळातली. त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय येतो. गलबतांना लाकूड हवं, आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं. तरीसुद्धा अमात्य बजावतात की या झाडांना हात लावू देऊ नये. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. अगदीच जीर्ण झालेलं झाड हवं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याचा संतोष पाहून मग तोडावं, बलात्कार करू नये. आता यात महत्त्वाचं काय आहे बघा. अमात्य झाडाच्या किमतीचा हिशेब मांडत नाहीत. ते वाढवणाऱ्याच्या मनाचा हिशेब मांडतात. राज्याच्या कारभाराच्या ग्रंथात हे यावं, याचं मला त्या वयातही नवल वाटलं होतं.

त्यामानाने इंग्रजांचा कायदा रुक्ष, पण मजेशीर आहे. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेली भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १८६२ च्या पहिल्या तारखेपासून लागू झाली. तिच्या ३७८ व्या कलमात चोरी म्हणजे काय ते सांगितलं आहे आणि पहिलंच स्पष्टीकरण झाडासारख्या वस्तूंचं आहे. जमिनीला चिकटलेली वस्तू चोरीचा विषय होऊ शकत नाही, ती जमिनीपासून वेगळी केली की त्या क्षणी होऊ शकते. पहिलं उदाहरणही दुसऱ्याच्या जमिनीतलं झाड तोडणाऱ्याचं. म्हणजे आमचा कण्हेर मातीत होता तोवर चोरीचा माल नव्हता, मूळ सुटलं आणि झाला. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या ३०३ व्या कलमात ही व्याख्या कायम आहे. एक नवी गोष्ट मात्र आली : माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. हे ऐकून मास्तरांना फार आनंद झाला. म्हणाले, "मग सापडू दे. वर्षभर पाणी घालायला लावतो."

गरिबीमुळे लोक असं करतात, असं कुणी म्हणेल तर त्याने २०२३ साल आठवावं. जी-२० च्या बैठकांसाठी आपली शहरं सजली होती. गुरुग्राममध्ये रस्त्याकडेला मांडलेल्या कुंड्या लाखो रुपयांच्या मोटारीत भरतानाची चित्रफीत देशभर फिरली आणि त्या प्रकरणात एकाला अटकही झाली. आपल्या नागपुरातही त्याच बैठकांसाठी ठेवलेल्या कुंड्या गेल्याच्या बातम्या आल्या. हसू आलं सगळ्यांना. पण मला वाटतं, पाहुण्यांसाठी रातोरात मांडलेल्या कुंड्या कोणाच्या होत्या, हे त्या शहरातल्या माणसालाही ठाऊक नव्हतं. कुणी लावल्या, पाणी कोण घालतं, पाहुणे गेल्यावर त्यांचं काय होणार, कुणी सांगितलं नव्हतं. चोरी ती चोरीच. पण 'सरकारी' म्हणजे बेवारस, ही समजूत काही चोरांच्या एकट्याच्या मालकीची नाही.

आता त्या वाक्याकडे येतो. 'बाहेरच्यांचं काम आहे.'

भिवंडीत बाहेरचा कोण? इथले जुने आम्ही कोकणी मुसलमान, आगरी, कोळी, कुणबी. १८५७ नंतर उत्तरेतून विणकर घरं सोडून निघाले, ते मालेगावला, बुऱ्हाणपूरला आणि इथेही आले. १९३० च्या सुमारास हातमागाच्या जागी यंत्रमाग येऊ लागले. तेलंगणातले पद्मशाली आले, त्यांचं पद्मानगर झालं. मग उत्तर प्रदेश, बिहारमधले कामगार, आणि अलीकडे गोदामांच्या मागून सगळा देश. प्रत्येक थर आपल्या नंतर आलेल्याला बाहेरचा म्हणतो.

७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी इथे दंगल पेटली. तेव्हा मी नुकता जन्मलो होतो. १९८४ च्या मे महिन्यातली दंगल मात्र मला आठवते. आमच्या गच्चीवरून धूर दिसत होता. दोन्ही वेळा नंतर दोन्हीकडची मोठी माणसं म्हणायची, आपल्यातलं कुणी नव्हतं, बाहेरचे आले होते. त्या म्हणण्यात थोडी लाज होती, थोडा दिलासा होता, आणि पुष्कळसं न बघणं होतं. पुढे १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. मोहल्ल्या-मोहल्ल्यातली दोन्ही धर्मांची साधी माणसं आणि त्या भागातले पोलीस ठरलेल्या दिवशी एकत्र बसू लागले. नळाची भांडणं, गटाराच्या तक्रारी, नवरा-बायकोचे तंटे, असल्याच गोष्टी निघत. पण त्यामुळे कोण कुठे राहतो, कुणाचा मुलगा कुठे जातो, हे दोन्हीकडच्यांना कळू लागलं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. चेहरे ओळखीचे झाले की 'बाहेरचे' हा शब्द वापरायला जड जातो.

म्हणून त्या दुपारी कुणी मोबाइलवरच्या गटात "रस्त्यापलीकडचे" असं लिहिलं आणि दुसऱ्याने पलीकडच्या वस्तीचं नावच टाकलं, तेव्हा मी घाबरलो. तुळस गेली होती, म्हणून एक तर्क होता. मोगरा खालांचा होता, म्हणून त्याच्या उलट दुसरा तर्क होता. संध्याकाळपर्यंत चार माणसांचं एकमेकांशी बोलणं थांबलं. मास्तरांनी गटात एवढंच लिहिलं : "कुंड्यांवर निळा पट्टा आहे. दिसली तर सांगा. तोवर कुणाचं नाव नको."

मला त्यांतली एक दिसली. आठेक दिवसांनी आमच्याच गल्लीच्या टोकाला, मागवाले कामगार जेवतात त्या बिशीच्या वरच्या खोलीत. एका खोलीत दिवसपाळीचे आठ आणि रातपाळीचे आठ झोपतात, अशी ती जागा. खिडकीच्या गजाला सुताच्या दोरीने रंगाचा डबा बांधलेला, वर निळा पट्टा, आत खालांचा मोगरा. मी जिना चढून गेलो. विशी-बाविशीचा पोरगा होता, रातपाळी करून आलेला, केसांत कापसाचे तंतू. मी कुंडीकडे बोट दाखवलं. तो गडबडला नाही. म्हणाला, "सडक का था, चाचा."

रस्त्याचं होतं. त्याच्या लेखी तेवढ्यात सगळं आलं. ते कुणाचं असू शकतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन वर्षं या गल्लीत राहून त्याला आमच्यापैकी एकाचंही नाव ठाऊक नव्हतं, आणि आम्हाला त्याचं. बाकीच्या अकरा कुंड्यांविषयी विचारलं तर त्याने आईची शपथ घेतली. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. ठेवायला नको होता, असं माझ्या मुलीचं मत आहे.

आमच्याकडे एक हदीस सांगतात, 'सहीह मुस्लिम' या संग्रहातली. मुसलमानाने झाड लावलं आणि त्यातलं कुणी खाल्लं तर तो लावणाऱ्याच्या नावे सदका, म्हणजे दान. पाखरांनी, जनावरांनी खाल्लं तरी सदका, आणि चोरीला गेलं तरी सदका. जिना उतरताना मला ती आठवली. पण प्रामाणिकपणे सांगतो, ती लावणाऱ्याच्या समाधानासाठी आहे, नेणाऱ्याला त्यात माफी दिलेली नाही. आणि मोगरा माझा नव्हताच, खालांचा होता. माफ करायचा अधिकार मला कुठला?

खालांना जाऊन सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "पाणी घालतो का तो?" घालतो, म्हटलं. पिण्याच्या कळशीतलं घालतो, माती ओली होती. "मग राहू दे. पण त्याला म्हणावं, कळ्या आल्या की दोन मला आणून दे." मी मास्तरांना सांगितलं, एक कुंडी सापडली, वस्तीतच आहे. कुठे, ते सांगितलं नाही. त्यांनी खोदून विचारलं नाही, पण त्यांना ते आवडलेलं नाही हे मला कळलं. काकूंची तुळस मिळालीच नाही. त्या अजून नव्या तुळशीचं नाव काढू देत नाहीत.

बाकीच्या कुंड्यांचा पत्ता लागला नाही. यंदा जूनच्या पहिल्या पावसात आम्ही कुंड्या न ठेवता पट्टीत चाफ्याच्या पाच फांद्या रोवल्या. कब्रस्तानातल्या झाडाच्या तीन, देवळामागच्या झाडाच्या दोन. चाफ्याला मूळ लागत नाही, नुसती फांदी पुरते. बिशीतला पोरगा रातपाळीवरून येताना एक बादली ओततो, आता त्याचं नाव आम्हाला माहीत आहे. पाचांतल्या चार जगल्या. गेल्या आठवड्यात पाहिलं तर त्यातल्या सगळ्यात उंच फांदीचा शेंडा कुणीतरी कापून नेला आहे. खालचं झाड मात्र जागेवर होतं. जवळ जाऊन बघितलं. ओढून मोडलेला नव्हता, धारदार पात्याने घेतलेला तिरका काप होता, आणि कापावर बोटभर ओली माती लावलेली होती.